बोल्टवरचा लाल खण

टूवूंबा, १८ ऑक्टोबर २०२०

सरिता,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. माधवदादांना फोन केला की ते अत्यंत गोड आवाजात "ती मीटिंगमध्ये आहे" म्हणतात, रविवारीसुद्धा. तुझा भाऊ सज्जन माणूस आहे म्हणून त्यांच्याशी भांडत नाही. उरलं पोस्ट. माझं अक्षर बघून पाकीट न फोडता टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता पोस्टातल्या मुलीकडून लिहून घेतला आहे. तिने 'वेरिबी' वाचून डोळे मोठे केले. मेलबर्नला जाणारं टपाल सध्या कधी पोचेल सांगता येत नाही, म्हणाली.

तुमचं लॉकडाऊन अजून उठत नाही, आमच्या राज्याच्या सीमा उघडत नाहीत. फेब्रुवारीत तू स्वरदाला घेऊन निघालीस तेव्हा मला वाटलं, दोन आठवड्यांत रागाने का होईना, परत येशील. मग हे सगळं सुरू झालं. आता तू यायचं म्हटलंस तरी येऊ शकत नाहीस, आणि तू यायचं म्हणतेस की नाही हे मला ठाऊक नाही. या दोहोंतलं जास्त वाईट काय, ते ठरवत बसतो.

पण तुझी अट मी विसरलेलो नाही. गाडीत बसताना तू म्हणालीस, ख्रिसमसपर्यंत एक नोकरी टिकवून दाखव, मग येते. मान्य आहे, माझा इतिहास काही भूषणावह नाही. युनीच्या लॅबमध्ये सुपरवायझरशी वाजलं, गुरांच्या फीडलॉटवर मॅनेजरशी, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये तर गिऱ्हाइकाशीच. पण ही टिकली आहे. शेतांवरची रानडुकरं मारायचं कंत्राट ग्रेगकडे आहे; पाच वर्षं सुट्टीच्या दिवशी करायचो ते काम आता रोजचं झालं, आणि ग्रेग मला अजूनही 'निंजा' म्हणतो. मी हसतो. खरंच हसतो. डॅरिलला विचार.

डॅरिल म्हणजे माझा जोडीदार, तू त्याला ओळखतेस, तुझ्या हातची पुरणपोळी व्हेजिमाइट लावून खाणारा. तो पिंजरे लावतो, फाटक धरतो. मी गोळी घालतो.

आणि ती रायफल. तुला ऐकायचं नसतं तरी लिहितो. फोरमवर या स्वस्त मॉडेलच्या मालकांनी शिव्यांचा नुसता पाऊस पाडला आहे. कुणाची अडकते, कुणाची दोनदा गोळी ओढते, कुणाचं खोकं उघडल्यापासून नशीब फुटलेलं. मी प्रत्येकाला उत्तर देतो. गोळी सुटल्यावरचा गॅस एका दांड्याला धक्का देतो, दांडा बोल्ट मागे ढकलतो, बोल्ट पुढची गोळी आत घेतो. काजळी आत येतच नाही. चिखलात पडली, धुळीत लोळली, महिनोन्‌महिने उघडून साफ केली नाही, तरी पाच वर्षांत एकदाही अडकलेली नाही. असं तिथे लिहिलं आहे, आणि ते खरं आहे.

निघालीस त्या दिवशी तू म्हणालीस, तुझा त्या लोखंडावर आहे तेवढा भरवसा माझ्यावर नाही. मी म्हणालो, ती अडकत नाही. हे मी बोलायला नको होतं. पण तूही माझ्याकडे असं बघत होतीस की मला दुसरं काही सुचलं नाही.

उंदीर फार झाले आहेत. काल पिठाचा डबा कुरतडला.

निनाद


टूवूंबा, २६ ऑक्टोबर

सरिता,

कालच्या व्हिडिओ कॉलबद्दल तुझ्या मुलीचे आभार मानतो. "बाबा, यू हॅव टु डू द पूजा, आय विल वॉच," असं तिने फर्मान काढलं आणि मला दसरा करावा लागला. तू स्वयंपाकघरात होतीस. तुझी पाठ मधूनमधून दिसत होती. केस कापलेस. चांगले दिसतात.

झेंडू मिळाला नाही. सिल्की ओकची नारिंगी फुलं तोडून आणली, आणि आपट्याची म्हणून शेजारच्या बौहिनियाची पानं, दरवर्षीसारखीच. टेबलावर पाने-पकडी, ड्रिल, तुझा मिक्सर (इथेच सोडून गेलीस), माझ्या यूट गाडीची किल्ली, आणि मध्ये रायफल. गोळ्या काढून, बोल्ट मागे ओढून उघडा ठेवलेला, म्हणजे आत काही नाही हे कॅमेऱ्यातूनही दिसावं. मुलीसमोर बंदूक ठेवायची तर तेवढी शिस्त मला आहे, हे तू बघितलं असशील.

कुंकू, हळद, तेलाचं बोट, आणि स्वरदा तिकडून "मोअर राइस, बाबा, मोअर" म्हणत राहिली. तिचं मन मोडवेना. मूठ मूठ अक्षता टाकल्या. ती तिकडून काल्पनिक मूठ उडवायची, मी इकडून खरी. इतकी हसली ती. फेब्रुवारीपासून घरात तिचा असा आवाज आला नव्हता, मग तो टॅबलेटमधून का असेना.

मध्येच तू तिला म्हणालीस, बाबाला विचार, खण कुठाय. मला थेट विचारलं असतंस तर जीभ झडली नसती. दरवर्षी तू त्या रायफलीवर लाल खण अंथरायचीस आणि मगच फुलं घालायला द्यायचीस. तो खण मी मार्चमध्येच यूटचं तेल बघताना पुसायला वापरला. तेच सांगितलं. "सांग आईला, बाबाला शोभा नको." तिकडून नळाचा आवाज आला फक्त.

आज सकाळी फडक्याने पुसून रायफल तिजोरीत ठेवली.

तुमच्याकडचं लॉकडाऊन उठतंय असं बातम्यांत आहे. आता आमच्या सरकारने तेवढी सीमा उघडावी. नोकरी चालू आहे. सोन्यासारखं वागतो आहे.

निनाद


हॉस्पिटलचं पार्किंग, ६ नोव्हेंबर

सरिता,

मांडीवर कागद घेऊन लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

डॅरिलला डुकराने फाडलं. जिवंत आहे. मांडीचं हाड मोडलं, आतली शीर थोडक्यात वाचली. आत मला सोडत नाहीत, एकाच माणसाला परवानगी आहे आणि ती त्याच्या बहिणीला गेली. म्हणून मी इथे यूटमध्ये बसतो. आत जाता येत नाही आणि घरी जाववत नाही.

परवा सकाळी ओढ्याकाठच्या मोठ्या पिंजऱ्यात दसऱ्यानंतरचा पहिला कळप सापडला होता. नेहमीचीच पद्धत: डॅरिल फाटकाशी, मी बाजूला. मी मान हलवली, पहिली गोळी घातली, लागली. दुसरी नाही. ट्रिगर ओढला आणि काहीच नाही. बोल्ट पुरता मिटलाच नव्हता. हाताने मागे ओढला, परत तसाच. तेवढ्यात त्यातला मोठा नर फाटकावर आला आणि फाटकासकट डॅरिलवर. मी काय केलं? रायफलीच्या दस्त्याने त्याला मारलं. दगडाने मारावं तसं. मग तो आपला आपण पळाला. डॅरिल ओरडलासुद्धा नाही, मला म्हणाला, "सॉरी, मेट." सॉरी तो म्हणाला.

मला कारणं सुचताहेत. आमच्या नेहमीच्या गोळ्या मिळत नाहीत म्हणून ग्रेगने दुसऱ्याच आणल्या. बदलायची स्प्रिंग मे महिन्यात मागवली, ती कुठल्याशा बंदरात पडली आहे. धूळ असेल. उंदीरसुद्धा असेल, यूटच्या वायरी खाल्ल्यात त्यांनी. आणि फोरमवरची माणसं म्हणत होतीच की मालच हलका आहे. त्या विकणाऱ्याला मी ईमेल लिहिला, दोनदा, दुसऱ्यांदा फार वाईट भाषेत.

ग्रेग मात्र वेगळंच म्हणतो. त्याच्या मते डॅरिल इशाऱ्याआधी फाटकाजवळ गेला. तसंच तो वर कळवणार आहे. मग चूक डॅरिलची आणि त्याला परत कामावर घ्यायचं नाही. मला म्हणाला, "यू आर ओके, निंजा, यू डिड नथिंग राँग."

डॅरिल माझ्या इशाऱ्यावरच गेला होता. मी मान हलवली होती. हे मला माहीत आहे आणि मी ग्रेगला बोललो नाही. तोंड उघडलं असतं तर मी शिव्याच दिल्या असत्या आणि नोकरी तिथेच संपली असती. म्हणून गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा एवढा राग गिळला, आणि बघ तो कशासाठी गिळला.

नोकरी आहे अजून. तुझी अट मोडलेली नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

एकदा फोन कर. स्वरदाच्या टॅबलेटवरून कर. काही बोलू नकोस, नुसता लाव.

निनाद


टूवूंबा, १४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सरिता,

दिवा लावला नाही. लावायला हवा होता, पण काडेपेटी हातात घेऊन नुसता उभा राहिलो.

सकाळी नोएलीनकडे गेलो होतो. बंदुका दुरुस्त करते ती, सत्तरीची आहे, चष्म्यावर चष्मा लावते. तिने रायफल सुटी केली. मी समोर उभा राहून गोळ्यांना, स्प्रिंगला, विकणाऱ्याला, चीनला, विषाणूला, सगळ्यांना नावं ठेवत होतो. तिने चिमट्याने काहीतरी काढून पांढऱ्या कपड्यावर ठेवलं. मग आणखी एक. मग माझ्याकडे वर बघून अगदी प्रेमाने विचारलं, "निनाद, लव्ह, व्हाय इज देअर राइस इन युअर रायफल?"

तांदूळ होता. लाल. तेलाने आणि कुंकवाने चिकटलेला, एक दाणा चुरडून बोल्टच्या जागेत पिठासारखा बसलेला. पहिल्या गोळीच्या दणक्याने तो आतून सुटून तिथे गेला असणार, असं ती म्हणाली. गोळ्या ठीक आहेत, दांडा ठीक आहे, स्प्रिंग अजून दोन वर्षं जाईल. रायफलीत काही दोष नाही. "शी इज अ गुड लिटल गन," म्हणाली.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. मला तुझा खण आठवला. पाच दसरे तू तो बरोबर त्या उघड्या बोल्टवर अंथरायचीस, चारी बाजूंनी नीट दाबून, आणि मी मागून म्हणायचो, झालं का नटवून? मला वाटायचं, तुला ती रायफल डोळ्यांसमोर नको म्हणून झाकतेस. तू आत तांदूळ जाऊ नये म्हणून झाकत होतीस, हो ना? तू रायफलीचा तिरस्कार करायचीस आणि तरी तिची काळजी घ्यायचीस, कारण ती माझ्या हातात असायची. आणि मी फोरमवर लिहीत होतो, पाच वर्षांत एकदाही अडकली नाही.

नोएलीन म्हणाली, मी साफ करून देते, बिलावर नुसतं सर्व्हिस लिहिते, कुणाला कळायचं कारण नाही. ती चांगल्या मनाने म्हणाली. मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एक गोष्ट हात जोडून मागतो. स्वरदाला हे कधीही कळता कामा नये. मूठ माझी होती. "मोअर राइस" ती म्हणाली, पण टाकणारा मी, खण तेलात बुडवणारा मी, आणि तू विचारलंस तेव्हा वाकडं बोलणारा मी. आठ वर्षांच्या मुलीने डॅरिलचा पाय आपल्या डोक्यावर घ्यायचा नाही. माझ्यावर तुझा जेवढा राग आहे तेवढा राहू दे, एवढं मात्र कर.

मला झोप येत नाही. जेवण जात नाही. तू असतीस तर ओरडली असतीस, मग वाढलं असतंस. इथे कुणी ओरडतसुद्धा नाही.

निनाद


टूवूंबा, २४ नोव्हेंबर

सरिता,

नोकरी गेली. आधी हे लिहून टाकतो, मग बाकीचं. पत्र इथेच मिटायचं असेल तर मिट.

डॅरिल घरी आला आहे. त्याच्याकडे गेलो, अंगणातच बसलो, मास्क लावून. पायात लोखंडी पट्ट्या घातल्या आहेत. मला बघून तो पहिलं काय म्हणाला असेल? ग्रेग म्हणतोय ते खरंच असेल, मीच घाई केली असेन, मला नीट आठवत नाही. तो स्वतःला पटवायला लागला होता, सरिता. मी अजून एक आठवडा गप्प बसलो असतो तर त्याला तसंच आठवायला लागलं असतं.

मी त्याला सगळं सांगितलं. दसरा म्हणजे काय इथपासून. वर्षातून एकदा आपण हत्यारांची, अवजारांची पूजा करतो, त्यांनी वर्षभर आपल्याला सांभाळावं म्हणून. त्याने पायाच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "सो यू वर प्रेइंग फॉर अस?" मी मान हलवली. यूटचीपण पूजा केलीस का, त्याने विचारलं. केली म्हटलं. "वेल, द यूट गॉट मी टु द हॉस्पिटल," म्हणाला, आणि मग आम्ही दोघंही रडलो. त्याची बहीण दारातून बघत होती, तिला वाटलं आम्ही प्यायलो आहोत.

तिथून सरळ ग्रेगकडे गेलो. आवाज चढवला नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. इशारा मी दिला होता, रायफलीत तांदूळ होता, तो मी घातला, डॅरिलची काही चूक नाही. आधी तो हसला. मग हसायचा थांबला. रायफलीचा परवाना या कामावरच मिळालेला आहे, काम नाही तर परवाना नाही. दुसऱ्या दिवशी पोलिसांकडे जमा करून आलो. डॅरिलची जागा राहिली, पाय बरा झाला की तो परत जाईल. ते ग्रेगकडून लिहून घेतलं. आता तो मला निंजा म्हणत नाही, पूर्ण नावाने हाक मारतो, आणि अगदी बरोबर उच्चारतो.

विकणाऱ्याला माफीचा ईमेल पाठवला. फोरमवर तांदळाची सगळी हकीकत लिहिली, आणि हेही की या रायफलीला नावं ठेवण्याआधी मालकाने स्वतःकडे बघावं, मी बघितलं आहे. कुणीतरी विचारलं, तांदूळ कुठला वापरतोस.

मी चिडून नोकरी सोडलेली नाही, एवढं मला कुणालातरी सांगायचं होतं. पण ती नाही, हे खरं आहे. तुझी अट मोडली. जवळजवळ तीन आठवडे मी ती नोकरी डॅरिलच्या पायावर उभी ठेवली होती, त्यावर तुला घरी आणली असती तर तुझ्याकडे बघता आलं नसतं.

रविवारी स्वरदा म्हणाली, आईला लेटर्स येतात, मग ती लाँड्रीत जाते आणि मशीन लावते, पण कपडे नसतात आत.

काय करू सांग. कुठलीही नवी अट घाल, फक्त घाल.

निनाद


टूवूंबा, ३ डिसेंबर

सरिता,

तुझं पाकीट आज आलं.

वर तुझं अक्षर बघून मला वाटलं, तू माझ्या पत्रांचं उत्तर दिलंस. पोर्चवर उभ्यानेच फोडलं. आत लाल खण, नवा, कात्रीने सरळ कापलेला, कडेला टाचलेला. आणि चिठ्ठी. "बोल्ट उघडा होता. आत अक्षता गेल्या असतील. वापरायच्या आधी उघडून साफ कर. मी खण टाकायचे तो ह्याचसाठी. स." पाकिटावरचा शिक्का सव्वीस ऑक्टोबरचा आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्याच दिवशी मीही इथे बसून तुला केसांबद्दल लिहीत होतो.

पाच आठवडे हे पाकीट कुठे फिरत होतं कुणास ठाऊक. सगळं टपाल खोळंबलं होतं, तसं हेही.

खरं सांगतो, आधी मी भयंकर चिडलो. पूर्ण आर्वो, अख्खी दुपार, अंगणात फेऱ्या मारल्या. हिला दिसलं होतं, आणि हिने फोन उचलून दोन शब्द सांगितले नाहीत. खण शिवत बसली, पोस्टात गेली, तिकीट लावलं. एक फोन केला असतास तर डॅरिल आज चालत असता. हे वाक्य मी मोठ्याने म्हणूनसुद्धा बघितलं. शेजारच्या कुत्र्याने ऐकलं.

मग मला तुझा नळाचा आवाज आठवला. तू त्याच क्षणी विचारलं होतंस, आणि मी सांगितलं होतं, बाबाला शोभा नको. त्यानंतर कोण दुसऱ्यांदा सांगायला जाईल? मी तर गेलो नसतो. तू तरी दुसऱ्या दिवशी पोस्टापर्यंत गेलीस. तेव्हा हे मनाला लावून घेऊ नकोस. मला माहीत आहे, माझं सहा तारखेचं पत्र वाचल्यापासून तू तो शिक्का आठवत बसली असशील आणि रिकामं मशीन लावत असशील. पुरे ते. तुझी चूक नाही. मी तुला इतकी वर्षं ओळखतो आणि इतकं उशिरा ओळखलं, याचं मला फार वाईट वाटतं.

परवापासून सीमा उघडली. मला धान्याच्या गोदामात काम मिळालंय, कायमचं नाही, हंगामापुरतं. उंदरांनी टूवूंबा खायला काढलं आहे; गाद्या, साबण, तुझ्या मिक्सरची वायर, काही सोडलं नाही. घरात त्यांना शिरता येत नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे रायफलीची तिजोरी. जाड लोखंड, फट नाही. मग तांदूळ, डाळी, पीठ सगळं तिच्यात ठेवलं आहे. तांदळाच्या डब्यावर तुझा खण बांधला, चारी बाजूंनी नीट दाबून.

तू येशील की मी वेरिबीला येऊ, ते तू ठरव. तांदूळ तिघांना पुरेल एवढा आहे.

पण आधी तो नंबर उघड. आणि पुढच्या वेळी माझ्या हातून काही चुकताना दिसलं, तर पोस्टाने कळवू नकोस. फोन लाव आणि ओरड.

निनाद